लाज जाते ती गर्वाच्या पाठोपाठ

वाचक भगिनीचं पत्र:

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीवर मी बरीच वर्षं सेक्रेटरी होते. आमची मंडळी जुनी आणि नावाजलेली. आमचं गायन, आमची शिस्त, आमची वक्तशीर उपासना यांचा आम्हांला अभिमान होता आणि तो आम्ही लपवतही नव्हतो. काही वर्षांपूर्वी हिशेब लिहिणाऱ्या एका तरुणाने वार्षिक सभेत उभं राहून विचारलं, की विधवा आणि आजारी माणसांसाठीच्या मदत निधीतून काढलेल्या काही रकमांच्या पावत्या का नाहीत. त्याला पुढे बोलू दिलं नाही. कमिटीतल्या वडीलधाऱ्यांनी सगळ्यांसमोर त्याला माफी मागायला लावली. इतिवृत्त मी लिहिलं. 'सदर सभासदाने द्वेषबुद्धीने बिनबुडाचे आरोप केले' हे वाक्य माझ्या हातचं आहे. तो आणि त्याची आई त्यानंतर आले नाहीत.

पुढे बाहेरच्या हिशेब तपासनिसाने वह्या पाहिल्या आणि त्याचं म्हणणं खरं निघालं. दोघांनी राजीनामे दिले, मीही दिला. कितीतरी कुटुंबं मंडळी सोडून गेली. जे उरलो ते मान खाली घालून येतो. मी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसते आणि आशीर्वाद संपला की कुणी बोलायला येण्याआधी निघते. लोक म्हणतात, 'किती नम्र झाल्यात!' त्यांना काय सांगू?

आता नवी कमिटी वर्धापनदिन थाटात करायचा म्हणते. 'देवाने क्षमा केली, झालं गेलं विसरा, मंडळीचं नाव पुन्हा वर आलं पाहिजे,' असं त्यांचं म्हणणं. माझ्या मते आम्हांला गाण्याचाच अधिकार उरलेला नाही. देव आपल्या लोकांची लाज काढून टाकतो असं वचन आहे, मग माझी का जात नाही? आणि खरं सांगायचं तर मला ती जायलाही नको आहे. गेली तर मी पुन्हा पूर्वीसारखीच होईन, अशी भीती वाटते.

एक जुनी सेक्रेटरी

उत्तर:

प्रिय भगिनी, सप्रेम सलाम.

तुमचं पत्र वाचून मी बायबलच्या जुन्या करारातलं सफन्या संदेष्ट्याचं पुस्तक पुन्हा काढलं. तीनच अध्याय आहेत, एका बैठकीत वाचून होतात. तुमच्या पत्रातले दोन्ही प्रश्न, लाज का जात नाही आणि ती गेल्यावर माझं काय होईल, हे तिसऱ्या अध्यायाच्या अकराव्या वचनात शेजारी शेजारी उभे आहेत. तिथे परमेश्वर यरुशलेमेला सांगतो, की ज्या कृत्यांनी तू माझ्याविरुद्ध बंड केलंस त्यांच्यामुळे त्या दिवशी तुला लज्जित व्हावं लागणार नाही. आणि लगेच कारणही देतो. तुझ्यामधून गर्वाने फुगलेल्यांना मी दूर करीन, माझ्या पवित्र डोंगरावर तू पुन्हा ताठा मिरवणार नाहीस.

हे कारण नीट पाहा. 'मी तुझी कृत्यं विसरेन म्हणून' असं तिथे म्हटलेलं नाही. 'ती फार मोठी नव्हती' असं तर नाहीच. कृत्यांचा उल्लेख आहे, बंडाचा उल्लेख आहे, काही झाकलेलं नाही. लाज जाणार, कारण गर्व जाणार. तुम्हांला वाटतं की लाज गेली की मोकळी जागा होईल आणि गर्व तिथे परत येऊन बसेल. संदेष्ट्याच्या वचनात क्रम वेगळा आहे. देव आधी गर्वाला हात घालतो आणि लाज त्याच्या पाठोपाठ निघते. म्हणून देव काढतो ती लाज गेल्यावर माणूस पूर्वीसारखं होत नाही. तसं होत असेल, तर ती लाज देवाने काढलेली नसते, आपणच ती कुठेतरी दडपलेली असते.

हे वचन कुणाला सांगितलं होतं ते आधी पाहू. सफन्या हा यहूदा राज्याचा राजा योशीया याच्या काळातला, म्हणजे इ. स. पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धातला. पुस्तकाच्या पहिल्याच वचनात त्याची चार पिढ्यांची वंशावळ आहे आणि ती हिज्कीयापर्यंत जाते. हा हिज्कीया म्हणजे राजा हिज्कीयाच असावा, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. तसं असेल तर सफन्या राजघराण्यातला, आणि तोच पहिल्या अध्यायात सरदारांना आणि राजपुत्रांना शिक्षा होणार म्हणून जाहीर करतो. ज्या माणसांबरोबर ऊठबस, त्यांच्याच तोंडावर बोलणं किती जड जातं हे तुम्ही कमिटीत बसून पाहिलेलं आहे.

तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला तो यरुशलेमेचं जे वर्णन करतो ते वाचताना पोटात गोळा येतो. तिचे सरदार गर्जणारे सिंह. तिचे न्यायाधीश संध्याकाळचे लांडगे, सकाळपर्यंत काही शिल्लक न ठेवणारे. तिचे संदेष्टे उथळ आणि दगाबाज, तिचे याजक पवित्र ते भ्रष्ट करणारे. आणि या सगळ्याच्या आधी, दुसऱ्या वचनात, आजाराचं मूळ सांगितलं आहे: तिने कुणाचं ऐकलं नाही, शिक्षण स्वीकारलं नाही. शत्रूचं सोडा, घरच्यांचंही ऐकलं नाही. एक मुलगा उभा राहून पावत्या विचारतो आणि सभा त्याला खाली बसवते, तेव्हा घडतं ते हेच.

शिवाय हा ताठा बाजारातला किंवा दरबारातला असता तर एक वेळ समजलं असतं. वचन म्हणतं, 'माझ्या पवित्र डोंगरावर'. म्हणजे मंदिराच्याच आवारात तो वाढला होता. आपल्याकडे परमेश्वराचं मंदिर आहे, मग आपल्याला कोण हलवणार? योशीयाच्याच काळात सेवा सुरू केलेला यिर्मया संदेष्टा पुढे मंदिराच्या वेशीत उभा राहून याच भरवशावर बोलला. 'हे परमेश्वराचे मंदिर' असं पुन्हा पुन्हा म्हणत राहू नका, परक्यावर, अनाथावर, विधवेवर जुलूम करू नका, असं त्याने बजावलं. तुमच्या पत्रात गायन, शिस्त आणि वक्तशीरपणा यांच्यानंतर लगेच विधवांचा निधी येतो. तुम्ही ते ठरवून तसं लिहिलं की नाही मला माहीत नाही, पण मला ते वाचून यिर्मयाच आठवला.

आता तुमच्या लाजेविषयी. सफन्या 3:5 मध्ये एक वाक्य आहे, अन्यायी माणसाला लाज ठाऊक नसते. त्या पुस्तकात निर्लज्जपणा हे दंडाला पात्र झालेल्या राष्ट्राचं लक्षण आहे. तेव्हा तुम्हांला लाज वाटली, ते इतिवृत्तातलं वाक्य आजही टोचतं, ही देवाचीच कृपा समजा. ज्यांना काहीच वाटलं नाही त्यांच्यापेक्षा तुम्ही देवाच्या जवळ आहात. हे मी तुम्हांला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. पण लाज वाटणं ही सुरुवात आहे आणि तुम्ही त्या सुरुवातीलाच राहायला घर बांधलं आहे.

इथे मला थोडं कडक बोलावं लागणार आहे. तुमचं पत्र मी लक्ष देऊन वाचलं. मंडळीचं नाव, लोकांचं काय मत होतं आणि काय झालं, तुमचा राजीनामा, तुमचा बाक, तुमची भीती, हे सगळं त्यात आहे. त्या तरुणाविषयी अखेरचं वाक्य एवढंच, की तो आणि त्याची आई त्यानंतर आले नाहीत. तो कुठे आहे, कसा आहे, त्याला कुणी भेटायला गेलं का, यातलं काही नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तो पत्राच्या पहिल्या परिच्छेदातच मागे राहिला. भगिनी, तुमच्या लाजेचा मोठा भाग त्याच्याविषयीचं दुःख नाही. 'मी, इतकी सचोटीची, माझ्या हातून असं वाक्य लिहिलं गेलं' हे ते दुखणं आहे. ते खरं आहे, पण त्याच्या आत गर्व शिल्लक आहे. मोडलेली मूर्ती जवळ घेऊन बसावं तसं तुम्ही आपल्या चांगल्या नावापाशी बसून आहात. म्हणून ती लाज जात नाही. आणि म्हणूनच लोक तुम्हांला नम्र म्हणतात तेव्हा तुम्हांला कसंतरी होतं. त्या शब्दात काहीतरी खोटं आहे हे तुम्हांला आतून कळतं.

येशूच्या दाखल्यातला जकातदार दूर उभा राहिला, डोळेही वर करेना, ऊर बडवत 'मज पाप्यावर दया कर' एवढंच म्हणाला. तुम्हांला तो आपला वाटत असेल. पण लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात त्याची गोष्ट जिथे संपते तिथे तो नीतिमान ठरून आपल्या घरी जातो. तो तिथेच, त्याच अंतरावर, वर्षानुवर्षं उभा राहत नाही. देवाने दिलेला निर्णय न स्वीकारता आपण आपल्यावर वेगळा निर्णय चालवत राहणं, आणि तो देवाच्या निर्णयापेक्षा कडक आहे याचं आतून समाधान वाटणं, हाही ताठाच आहे. तो खाली मान घालून चालतो, म्हणून ओळखू येत नाही.

येशूचा शिष्य पेत्र याचं उदाहरण मला यासाठी फार मोलाचं वाटतं. वल्हांडण सणाच्या रात्री, येशूला धरून नेण्याआधी, तो त्याला म्हणाला, 'सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही.' सगळे आणि मी. त्याच्या गर्वाचा आकार एवढाच होता, इतरांशी केलेली तुलना. मग कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभं राहून त्याने तीनदा येशूला नाकारलं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, आणि येशू त्याला विचारतो, 'यांच्यापेक्षा तू माझ्यावर अधिक प्रीती करतोस काय?' प्रश्नातच ती जुनी तुलना आहे. पेत्र उत्तर देतो, पण तुलनेला हात लावत नाही. 'प्रभू, तुला ठाऊक आहे' एवढंच म्हणतो. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो दुःखी झाला असं योहान लिहितो, म्हणजे दुखलं, दुखायलाच हवं होतं. पण एकदाही येशू त्याला 'तू असं का केलंस' म्हणून उभं करत नाही. प्रत्येक वेळी काम देतो. 'माझी मेंढरं चार,' म्हणजे माझ्या लोकांची काळजी घे. गर्व आणि लाज त्या किनाऱ्यावर एकाच संभाषणात गेली, आणि पेत्र उठला तो करायला काही घेऊनच.

तुमच्यापुढचं काम कुठलं, तेही सफन्यातच आहे. त्या अध्यायाच्या एकोणिसाव्या वचनात लाजेविषयी पुन्हा बोलणं येतं, पण ती लाज अकराव्या वचनातली नव्हे. अकरावं वचन अपराध केलेल्यांची लाज काढण्याविषयी आहे. एकोणिसाव्यात परमेश्वर म्हणतो, की मी लंगड्याचा बचाव करीन, हाकलून दिलेल्यांना गोळा करीन, आणि ज्या ज्या देशात त्यांची अप्रतिष्ठा झाली तिथे त्यांची प्रशंसा आणि कीर्ती होईल असं करीन. ही लाज दुसऱ्यांनी लादलेली आहे. हाकलून दिलेल्याने स्वतः काही केलेलं नसतं, तरी मान त्यालाच खाली घालावी लागते. तुमच्या मंडळीत हाकलला गेलेला माणूस तो तरुण आहे. तुमची लाज आणि त्याची लाज यांची कधीही एकत्र मोट बांधू नका. 'आपण सगळेच दुखावलो' असं वर्धापनदिनाच्या भाषणात कुणी म्हणालं तर कृपा करून त्याला थांबवा. त्याची लाज तुमच्या मंडळीने त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि ती लेखी ठेवली.

तेव्हा ती लेखीच उतरवली पाहिजे. तुम्ही आता पदावर नाही, पण सभासद आहात. पुढच्या वार्षिक सभेपुढे ठराव मांडायला कमिटीला लेखी पत्र द्या. जुनं पान फाडायचं नाही, खोडायचं नाही. नव्या इतिवृत्तात स्पष्ट नोंद घ्यायची: अमुक सभेच्या इतिवृत्तातलं अमुक विधान खोटं होतं, ते मी लिहिलं होतं, त्या सभासदाने विचारलेला प्रश्न योग्य होता, त्याला माफी मागायला लावणं हा अन्याय होता आणि ही सभा त्याची माफी मागते. ज्या सभेत त्याला बसवलं त्याच सभेत हे मोठ्याने वाचलं जावं. 'गैरसमजातून', 'तत्कालीन परिस्थितीत', 'कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास' असले शब्द त्यात येऊ देऊ नका. सफन्या उरलेल्या लोकांविषयी सांगतो की ते अन्याय करणार नाहीत, लबाड बोलणार नाहीत, त्यांच्या मुखात कपटी जीभ आढळणार नाही. नम्र केलेल्या लोकांची ही पहिली ओळख आहे. गोलमाल भाषा तिथे बसत नाही.

पैशाचंही पाहा. निधीतली रक्कम परत आली का, ज्या विधवांना आणि आजाऱ्यांना ती मिळायची होती त्यांच्यापर्यंत पोहोचली का, याबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही. जुन्या करारातल्या गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात नियम आहे, की अपराध करणाऱ्याने तो कबूल करावा, पूर्ण भरपाई द्यावी आणि तिच्यात पाचवा हिस्सा वाढवून ज्याचा अपराध केला त्याला द्यावा. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने तर चौपट परत करायची तयारी दाखवली. कबुली आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीने दुसरी भागत नाही. थाटाच्या कार्यक्रमासाठी वर्गणी जमवण्याआधी मंडळीने हे देणं फेडलं पाहिजे, यावर तुम्ही अडून बसा. अडून बसण्यासारखी जागा हीच आहे.

मग त्या तरुणाकडे जा. सभेचा ठराव होईपर्यंत थांबू नका, आधी स्वतः जा. त्याला पूर्वसूचना द्या, तो नको म्हणाला तर दारात जाऊन उभं राहू नका, पत्र लिहा. भेटला तर काय केलं ते सांगा, का केलं ते त्याने विचारल्याशिवाय सांगू नका. रडू आलं तर आवरा, कारण तुम्ही रडलात की तुमची समजूत काढणं त्याच्या गळ्यात पडेल. त्याची आई पुढे आली तर तिचीही माफी वेगळी मागा. तिने मुलाची मान खाली गेलेली पाहिली आहे. 'मला क्षमा केलीस का' हा प्रश्न घेऊन जाऊ नका. क्षमा तो करील, उद्या करील, किंवा करणारही नाही. तुमची लाज काढणारा तो नाही, परमेश्वर आहे. हे ओझं त्याच्यावर टाकलंत तर पुन्हा एकदा तुमच्या सोयीसाठी त्याला वापरल्यासारखं होईल. आणि 'मंडळीत परत ये' असाही आग्रह नको. गोळा करण्याचं काम वचनात परमेश्वराने स्वतःकडे घेतलेलं आहे.

आता वर्धापनदिन. तुमच्या कमिटीचं चुकतं आहे, पण एका गोष्टीत तुमचंही चुकतं आहे. 'आम्हांला गाण्याचा अधिकार उरलेला नाही' असं तुम्ही लिहिता. अकराव्या वचनानंतर बाराव्यात परमेश्वर म्हणतो, की तुझ्यामध्ये मी नम्र आणि गरीब लोक शेष ठेवीन आणि ते परमेश्वराच्या नावाचा आश्रय करतील. आणि दोनच वचनांनंतर, चौदाव्यात, याच लोकांना, म्हणजे सीयोन ऊर्फ यरुशलेमच्या लोकांना, आज्ञा होते: सीयोनकन्ये, गा! इस्राएला, जयघोष कर! पुढे तर असंही आहे, की तुझे हात गळू देऊ नकोस. गाण्याचा अधिकार त्यांनी मिळवलेला नव्हता. दंड परमेश्वराने दूर केला, म्हणून गायचं. तेव्हा 'आम्ही गाणार नाही' हीसुद्धा आज्ञा मोडण्याची एक रीत होऊ शकते. कोण गातं आणि कुणाविषयी गातं, एवढाच प्रश्न आहे. तुमच्या मंडळीचा गौरवशाली इतिहास, माजी पदाधिकाऱ्यांचे सत्कार, स्मरणिकेत फोटो, याला माझा साफ विरोध आहे. उपासना आणि गायन यांना मुळीच नाही.

'मंडळीचं नाव पुन्हा वर आलं पाहिजे' असं म्हणणाऱ्यांना एक इतिहास आठवून द्या. सफन्यानंतर यहूदा कायमचा काही सुधारला नाही. योशीयाच्या राजवटीच्या अठराव्या वर्षी मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला, मोठी सुधारणा झाली, पण इ. स. पू. 609 मध्ये मगिद्दो इथे योशीया मारला गेला आणि सगळं परत घसरलं. सुमारे 586 मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं. सरदार, अधिकारी, वजनदार माणसं पकडून नेली. मागे कोण राहिलं? ज्यांच्याकडे काहीच नव्हतं असे गरीब लोक. यिर्मयाच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात आहे, की बाबेलच्या सेनापतीने त्यांना द्राक्षमळे आणि शेतं दिली. 'नम्र आणि गरीब लोक शेष ठेवीन' हे वचन असं अंगावर काटा आणणाऱ्या रीतीने दिसू लागलं होतं.

पुढे पारसाचा राजा कोरेश याच्या फर्मानानंतर, इ. स. पू. 538 च्या सुमारास, बंदिवासातून लोक परतू लागले आणि त्यांनी मंदिराचा पाया घातला. एज्राच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात तो दिवस आहे. ज्या वृद्धांनी पहिलं मंदिर पाहिलं होतं ते हुंदके देऊन रडले, बाकीचे आनंदाने ओरडले, आणि रडणं कुठलं आणि जयघोष कुठला हे लोकांना ओळखता येईना. त्यानंतर कामही रखडलं. 520 मध्ये हाग्गय संदेष्ट्याने विचारलं, ज्याने या मंदिराचं पूर्वीचं वैभव पाहिलं असा तुमच्यात कोण उरला आहे, आणि आता हे तुम्हांला कवडीमोल वाटत नाही का? जुनं नाव परत आलं नाही. आलं ते वेगळंच काही होतं, आणि देव त्यात होता. तुमच्या मंडळीतही त्या दिवशी काही जण रडतील, काही गातील. रडणाऱ्यांना गप्प करू नका आणि गाणाऱ्यांना अपराधी वाटायला लावू नका. दोघांचाही आवाज एकाच छपराखाली येऊ द्या.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्यासारखी माणसं पटकन ओलांडून पुढे जातात. सतराव्या वचनात गाणारा परमेश्वर आहे. तुझा देव तुझ्यामध्ये आहे, तो उद्धार करणारा वीर आहे, तो तुझ्याविषयी आनंद करील, आपल्या प्रीतीत निवांत राहील, तुझ्याविषयी गाऊन उल्लास करील. ज्या नगरीचे न्यायाधीश लांडगे होते तिलाच हे सांगितलं जात आहे. प्रीतीत निवांत राहील याचा मला समजलेला अर्थ असा, की तो तिचा खटला पुन्हा उघडत नाही. तुम्ही मात्र रोज उघडता. रविवारी आशीर्वाद संपताच पर्स हातात घेऊन दाराकडे सरकणाऱ्या बाईविषयी देव गातो, हे तुम्हांला अशक्य वाटत असेल. वचन तसंच आहे. ते तुमच्या योग्यतेवर उभं नाही, त्याच्यावर आहे. पुढच्या रविवारी आशीर्वाद झाल्यावर बसून राहा. कुणी बोलायला आलं तर बोला. 'किती नम्र झाल्यात' असं कुणी म्हटलं तर 'मी एका माणसाविषयी खोटं लिहिलं होतं, ते दुरुस्त करते आहे' असं सरळ सांगा. त्यानंतर ते तुम्हांला नम्र म्हणणार नाहीत आणि तुमच्या मनातली ती टोचणी थांबेल.

तुमचा दुसरा प्रश्न, लाज गेल्यावर मी पूर्वीसारखी होईन का. प्रेषित पौलाकडे पाहा. करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिताना तो म्हणतो, की मी प्रेषितांमध्ये कनिष्ठ आहे, प्रेषित म्हणवून घ्यायलाही योग्य नाही, कारण मी देवाच्या मंडळीचा छळ केला. आणि पुढच्याच वाक्यात म्हणतो, जो काही मी आहे तो देवाच्या कृपेने आहे, आणि मी त्या सर्वांपेक्षा अधिक श्रम केले. तो काहीही विसरलेला नाही. नाव घेऊन सांगतो काय केलं ते. तरी त्या आठवणीने तो कोपऱ्यात बसला नाही. लाज गेली म्हणजे आठवण जात नाही. आठवण राहते, पण तिच्यात 'मी' पूर्वीइतका मोठा राहत नाही. पौलाच्या त्या दोन वाक्यांत कृपा मोठी आहे, म्हणून त्याला अपराधही सांगता आला आणि श्रमही.

तरीही तुमची भीती मी उडवून लावत नाही. गर्व परत येतो, विशेषतः मंडळीत पद मिळालं की. तुम्हांला पुन्हा कमिटीवर बोलावतील, आज ना उद्या, कारण काम जाणणारी माणसं कमी उरली आहेत. तेव्हा आपल्या मनाच्या भरवशावर राहू नका. दर तीन महिन्यांनी मदत निधीचा हिशेब पावत्यांसह सर्व सभासदांपुढे ठेवावा आणि वार्षिक सभेत प्रश्न विचारणाऱ्याला पूर्ण बोलू द्यावं, असा नियम आत्ताच, तुम्ही पदावर नसताना, लिहून मंजूर करून घ्या. तुमच्याहून लहान वयाच्या एका स्पष्टवक्त्या व्यक्तीला सांगून ठेवा, की मी चुकते असं दिसलं तर मला तोंडावर सांगत जा, आणि ती सांगेल तेव्हा त्याच दिवशी उत्तर देऊ नका. सफन्याने त्या नगरीविषयी तक्रार केली होती ती हीच, की तिने ऐकलं नाही, शिक्षण स्वीकारलं नाही, परमेश्वरावर भाव ठेवला नाही, आपल्या देवाजवळ आली नाही.

वर्धापनदिनाच्या उपासनेत वाचनासाठी सफन्याचा तिसरा अध्याय सुचवा, पहिल्या वचनापासून. चौदाव्या वचनापासून सुरुवात करा असं कुणीतरी नक्की म्हणेल, कारण तिथून गाणं सुरू होतं. तुम्ही पूर्ण अध्यायाचा आग्रह धरा. पाळकांनी विचारलं की वाचायला कोण उभं राहील, तर तुम्ही हो म्हणा.

तुमच्यासाठी, त्या मुलासाठी आणि त्याच्या आईसाठी मी रोज प्रार्थना करीन.